वृत्त सांभाळलं, वाक्याचं काय?

शार्दूलविक्रीडित आज नेमाने ऐकू येतं ते फक्त लग्नाच्या मांडवात. अंतरपाट धरलेला असतो, मुहूर्ताला थोडी मिनिटं उरलेली असतात आणि वधूचे काका किंवा वराची आत्या घडी घातलेला कागद काढून स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणू लागतात. 19 अक्षरांचा चरण, बाराव्या अक्षरावर यती, पुढे सात अक्षरांचा उतार. रचणाऱ्याची खरी कसरत नावं बसवण्यात असते. वर अमेय असेल तर फार अडत नाही, लघु-गुरु-लघु असं ते नाव चरणाच्या मधोमध चपखल बसतं. वधू ऐश्वर्या असेल तर मात्र तिला चरणाच्या तोंडाशीच उभं करावं लागतं, कारण यती न मोडता सलग तीन गुरू तेवढ्या एकाच जागी मिळतात. काकांनी हे सगळं सांभाळलेलं असतं. फक्त ऐश्वर्याचं काय झालं, कुणी कुणाला काय दिलं, आशीर्वाद नेमका कोणता, हे सांगणारं वाक्य कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं ते मांडवातल्या कुणालाही सांगता येणार नाही. कुणी विचारतही नाही. सगळे हातात अक्षता धरून शेवटच्या पालुपदाची वाट बघत असतात.

मंगलाष्टकाकडून कवितेची अपेक्षा कुणी करत नाही आणि ते ठीकच आहे. पण वृत्तबद्ध कविता म्हणून जे लिहिलं जातं, छापलं जातं, मुशायऱ्यात दाद घेऊन जातं, त्यातलंही बरंचसं याच जातीचं असतं. अक्षरं जागच्या जागी, वाक्य बेपत्ता. वृत्तात लिहिणाऱ्याची परीक्षा अक्षरांवर होते असा आपला समज आहे. माझ्या मते ती वाक्यावर व्हायला हवी. लगक्रम तर कुणालाही जुळवता येतो, थोडी चिकाटी लागते इतकंच. तो जुळत असताना माणसाच्या तोंडचं मराठी वाक्य धडधाकट राहिलं का, हा प्रश्न फार थोडे विचारतात.

हा समज आपल्या शिकवण्यातून आला असावा. शाळेत वृत्त भेटतं ते व्याकरणाच्या पेपरात. ओळ दिलेली असते, खाली लघु-गुरूची चिन्हं काढायची, तीन-तीन अक्षरांचे गण पाडायचे, ‘यमाताराजभानसलगा’ मनात म्हणून बघायचं आणि नाव लिहायचं. दोन-तीन गुण हमखास. ओळीतलं वाक्य चरणाच्या आत संपलं की पुढच्या चरणात वाहिलं, यती अर्थाच्या विरामावर आला की शब्दाच्या पोटात घुसला, हे विचारणारा पेपर माझ्या पाहण्यात नाही. शास्त्रकारांचाही भर मोजणीवर असणार, त्याला इलाज नाही. माधव जूलियनांचा ‘छंदोरचना’ हा ग्रंथ 1927 साली आला आणि 1937 मध्ये वाढवलेल्या रूपात पुन्हा आला. मराठी पद्याची इतकी कसून मांडणी त्याआधी झाली नव्हती. फक्त अक्षरसंख्येवर चालणारे छंद, मात्रांवर चालणाऱ्या जाती आणि लघुगुरूंच्या ठरलेल्या क्रमाने चालणारी वृत्तं, ही त्यांची विभागणी आजही कामाची आहे. पण शरीरशास्त्राचं पुस्तक वाचून कुणी चालायला शिकत नाही, तशी ही मांडणी पाठ करून कुणाला ओळ सुचत नाही.

एक साधी ओळ घेऊ. ‘मला वेळ नाही असे ती म्हणाली.’ हे वाक्य कुणीही फोनवर सहज बोलून जाईल. आता ते लगावलीत मांडून बघा: लगागा लगागा लगागा लगागा. स्वच्छ भुजंगप्रयात, बारा अक्षरं, चार य-गण, आणि एकाही शब्दाला जागचं हलवावं लागलेलं नाही. आता हाच मजकूर, हेच वृत्त आणि नमुनेदार पद्य लिहिणारा हात: ‘न वेळा मला हो वदे ती सखी गे.’ मात्रा एकही चुकलेली नाही. परीक्षक पूर्ण गुण देईल. पण ‘हो’ आणि ‘गे’ कुणाला उद्देशून आहेत? ‘सखी’ कुठून आली? आज जिवंत असलेला कोणता माणूस ‘वदे’ असं बोलतो? ही ओळ वृत्ताने बिघडवली असं आपण म्हणतो, पण वृत्त दोन्हीकडे एकच आहे. बिघाड झाला तो वाक्य मोडलं तेव्हा. अक्षरं कमी पडली म्हणून बाहेरून माणसं आणून बसवली, आणि जी नाही म्हणायला आली होती तिचाच आवाज त्या गर्दीत बुडाला.

रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत आणि 205 श्लोक घराघरांत टिकून राहिले. त्याचं श्रेय आपण उपदेशाला देतो. मला वाटतं की वृत्ताच्या निवडीलाही ते द्यायला हवं. ‘मना’ हे संबोधन म्हणजे लघु आणि गुरू, म्हणजेच भुजंगप्रयाताच्या चरणाची पहिली दोन अक्षरं. कुणालातरी हाक मारून सांगायला सुरुवात करायची तर याहून सोयीचं दार दुसऱ्या कुठल्या वृत्ताला नाही. हाक मारली की पुढे साधं आज्ञार्थी वाक्य येतं, आणि आज्ञार्थी वाक्य मराठीत आखूड आणि ठाम असतं. वृत्त आणि वाक्य यांची अशी सोयरीक जमली की पाठांतरासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत.

संस्कृत वृत्तं मराठीला मानवत नाहीत, असा एक जुना आक्षेप आहे. त्यात तथ्य आहे. संस्कृतला विभक्तीचं बळ आहे, शब्द कुठेही ठेवला तरी त्याचं नातं कळतं, आणि हवे तितके लघू किंवा गुरू पुरवायला समास हाताशी असतो. मराठीत ‘चा-ची-चे’, ‘ने’, ‘ला’, ‘आहे’, ‘होते’ ही सारी गुरूंची फौज वाक्यात पावलोपावली उभी असते. लघू सापडतात ते मुख्यतः शब्दाच्या शेवटच्या ‘अ’मध्ये, आणि तो ‘अ’ आपण बोलताना गिळून टाकतो. ‘राम’ आपण एका झटक्यात म्हणतो, पद्यात मात्र तो गुरु-लघु असा दोन अक्षरांचा धरावा लागतो. वृत्त म्हणताना गिळलेला ‘अ’ पुन्हा वर येतो, म्हणूनच मराठी पद्याला बोलण्यापेक्षा थोडा संथ, किंचित गाता सूर आपोआप लागतो. जोडाक्षरांचंही तसंच. ‘सत्य’मधला ‘स’ पुढच्या आघाताने गुरू होतो, पण ‘पुन्हा’मधला ‘पु’ आणि ‘तुम्ही’मधला ‘तु’ लघूच राहतात, कारण तिथे जिभेला आघात जाणवत नाही. नियम पुस्तकात आहे, पण निर्णय कानाने द्यायचा. शुद्धलेखनाचे नियम करणाऱ्यांनीसुद्धा वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची सूट कवीला देऊन ठेवली आहे. ही सूट हवी तेव्हा घ्यावी, पण ओळीओळीला घेणाऱ्या कवीचा भाषेशी झगडा चालू आहे असं समजायला हरकत नाही.

तथ्य मान्य केल्यावरही आक्षेप पुरा पटत नाही. मालिनी हे मराठीला सर्वांत जड जावं असं वृत्त, कारण चरणाच्या सुरुवातीलाच ओळीने सहा लघू मागतं. तत्सम शब्दांचा आधार घेतल्याशिवाय इथे पाऊल पडणार नाही असं वाटतं. आता ‘फिरत फिरत’ म्हणून बघा. ‘हसत हसत’, ‘बघत बघत’, ‘रडत रडत’. सहा लघू, अस्सल घरचे, दिवसातून दहादा तोंडी येणारे. ‘फिरत फिरत आलो शेवटी याच गावी’ ही मालिनीची निर्दोष ओळ आहे, आठव्या अक्षरावरचा यती नेमका ‘आलो’पाशी, जिथे बोलणाराही दम खाईल. क्रियेची द्विरुक्ती ही मराठीची आपली लकब, आणि तीच इथे परक्या वृत्ताची किल्ली ठरते. तेव्हा वृत्त परकं आहे की नाही यापेक्षा, त्या वृत्ताला लागणारा ऐवज आपल्या बोलण्यात कुठे दडला आहे हे हुडकण्याचा प्रश्न आहे. हे हुडकणं म्हणजेच वृत्तात लिहिणं, निदान त्यातला सुखाचा भाग तरी.

मोरोपंतांना हे हुडकणं किती साधलं यावर वाद होऊ शकतो. 108 रामायणं रचणारा, त्यांतलं एक ओठ न मिटता म्हणता येईल असं निरोष्ठ करणारा हा माणूस अक्षरांचा अजब कारागीर होता, आणि कारागिरीच्या त्या ढिगाऱ्यात पुष्कळदा वाक्य गुदमरलं आहे. मात्र त्यांनी आपल्या महाभारतासाठी आर्या निवडली हे विसरू नये. मात्रांच्या जातीत दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो, त्यामुळे सांगणाऱ्याच्या वाक्याला कूस बदलायला जागा मिळते. आणि ‘केकावली’त, पृथ्वीसारख्या धावत्या गणवृत्तातही, म्हाताऱ्या माणसाचं देवाशी केलेलं भांडण ऐकू येतं. तिथे गरज खरी आहे, म्हणून वाक्यही खरं आहे.

इथे एक हरकत निघेल. कवितेने बोलण्यासारखंच का असावं? शब्दांची उलटापालट हा कवीचा हक्क नाही का? आहे. पण मराठीत शब्द हलवला की जोर हलतो. ‘मी काल पुण्याला गेलो’ आणि ‘काल पुण्याला मी गेलो’ यांत माहिती तीच आहे, तरी दुसऱ्या वाक्यात जोर ‘मी’वर येतो, कारण क्रियापदाच्या लगेच आधीची जागा मराठीत मानाची आहे. ज्यावर भर द्यायचा तो शब्द आपण नकळत तिथे नेऊन ठेवतो. कवी शब्द हलवतो तेव्हा हा मान कुणाला मिळाला हे त्याने बघायला हवं. चांगला कवी जोर हलवण्यासाठी शब्द हलवतो. पद्यकार गण जमवण्यासाठी हलवतो आणि जोर भलत्याच शब्दावर जाऊन बसतो.

क्रियापद शेवटी येण्याची ही सवय मराठी कवीला यमकाच्या बाबतीत फार छळते. ओळीच्या शेवटी यमक हवं आणि वाक्याच्या शेवटी क्रियापद, म्हणजे यमक क्रियापदांचं होणार: गेला, आला, केला; बसली, हसली, फसली. प्रत्यय यमक जुळवून देतो, कवीला काहीच करावं लागत नाही, आणि वाचणाऱ्यालाही पुढचा शब्द आधीच कळलेला असतो. यातून सुटायचं तर क्रियापद ओळीच्या मधे ओढून शेवटी नाम आणावं लागतं. गेल्या शतकाच्या आरंभीच्या पुष्कळ कवितेची ती ठरावीक ‘काव्यमय’ मराठी या ओढाताणीतून घडली. केशवसुतांनी 1892 साली ‘मयूरासन आणि ताजमहाल’ लिहून सुनीत, म्हणजे इंग्रजीतलं सॉनेट, मराठीत आणलं, तेही शार्दूलविक्रीडितात. इंग्रजीत क्रियापद मधेच येऊन जातं, ओळीच्या टोकाला नाम सहज उरतं. त्या भाषेतल्या साच्याला संस्कृत गणवृत्ताची चौकट घालून त्यात मराठी वाक्य बसवणं, म्हणजे तीन भाषांच्या तीन मागण्या एका वेळी पुऱ्या करणं होतं. सुनीत मराठीत रुजलं, पुढे बरीच लिहिली गेली, तरी ते कधी लोकांच्या ओठांवर आलं नाही. त्याचं एक कारण मला या यमकाच्या जागेत दिसतं.

गझलेचं मात्र उलट झालं, आणि हे फारसं कुणी बोलून दाखवत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. गझलेत ओळीच्या अगदी शेवटी रदीफ, म्हणजे न बदलणारा शब्द किंवा शब्दसमूह असतो, आणि त्याच्या आधी काफिया, म्हणजे बदलणारं यमक. रदीफ ही फारसीची देणगी. फारसी आणि उर्दू दोन्ही मराठीसारख्याच क्रियापदाने वाक्य संपवणाऱ्या भाषा. त्यामुळे ‘आहे’, ‘होते’, ‘गेला’, ‘नाही’ अशी क्रियापदं रदीफ होऊन ओळीच्या टोकाला स्थिर बसतात आणि यमकाची जबाबदारी त्यांच्यावरून उतरते. यमक सरकतं ते क्रियापदाच्या आधीच्या जागी, म्हणजे मराठी वाक्यातल्या नेमक्या त्या मानाच्या जागी. वाक्यात ज्या शब्दावर भर असायला हवा त्याच शब्दावर यमक वाजतं. सुनीताला वाक्य मोडून जे मिळवावं लागत होतं ते गझलेला वाक्य सरळ ठेवून मिळतं.

माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक होते, ‘गज्जलांजली’ त्यांनी 1933 साली दिली, आणि वृत्तांची बहुतेक सगळी सामग्री त्यांनी जमा करून ठेवली. पण गझल मराठी माणसाच्या तोंडात बसवली ती सुरेश भटांनी. ‘एल्गार’ 1983 साली आला तोवर त्यांचे शेर लोक बोलताना वापरू लागले होते. याचं श्रेय कुणी आशयाला देतं, कुणी गायकांना. मला त्यात गद्यासारख्या सरळ वाक्याचा वाटा सर्वांत मोठा दिसतो. ‘गझलेची बाराखडी’ लिहून त्यांनी नवख्यांना तंत्र समजावलं, ते उपकार मोठेच. दुर्दैवाने पुष्कळांनी त्यातली बाराखडी घेतली आणि भटांचा कान तिथेच ठेवला.

आजच्या गझलेतले भरतीचे शब्द पाहा. ‘हो’, ‘गे’, ‘बा’ हे जुने भिडू गेले, त्यांच्या जागी ‘जरासा’, ‘पुन्हा’, ‘सारे’, ‘कसे’, ‘हा’, ‘मी’ आले. ‘पुन्हा’ म्हणजे लगा, ‘जरासा’ म्हणजे लगागा, कुठेही खपतात. ‘मज’ आणि ‘तुज’ तर केवळ दोन लघू हवेत म्हणून जिवंत ठेवलेले. कुठल्याही शेरातला ‘पुन्हा’ काढून बघावा आणि विचारावं, आधी एकदा काय झालं होतं? उत्तर मिळत नसेल तर तो शब्द अर्थासाठी आलेला नाही. नवोदितांना मी नेहमी सांगतो, अर्थात फारसं कुणी ऐकत नाही, की लगावली समोर ठेवून लिहायला बसू नका. जे सांगायचं ते वाक्य मोठ्याने दहादा बोला. ते कुठल्या लयीकडे झुकतंय ते ऐका. ‘आज नाही, काल नाही, सांग केव्हा यायचे’ असं कुणी चिडून म्हणालं तर तो गालगागा गालगागा गालगागा गालगा असा देवप्रियेत चिडला आहे, त्याला त्याचा पत्ताही नाही.

ऐकण्याचा हा निकष सर्वांत कडक लागला तो गीतरामायणाला. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे 56 गीतं गेली. रेडिओवर श्रोत्याला मागच्या कडव्याकडे परतता येत नव्हतं. कानावर एकदा पडलं त्यात वाक्य कळलं नाही तर प्रसंग हातचा गेला. माडगूळकरांनी दर आठवड्याच्या घाईत कर्ता, कर्म, क्रियापद आणि यमक ज्या सफाईने जागेवर ठेवलं, तिचा अभ्यास वृत्तं शिकवणाऱ्या वर्गात व्हायला हवा. तसा तो झाल्याचं ऐकिवात नाही.

आता वृत्त हे पंडितांचं, वरच्या जातींचं, असा दुसरा आक्षेप. श्लोक आणि गणवृत्त यांच्यापुरता तो बरोबर आहे. नामदेव ढसाळांना सत्तरच्या दशकाच्या आरंभी ‘गोलपिठा’ लिहायचा होता तेव्हा वसंततिलका त्यांच्या काय कामाची होती? त्या जगाची वाक्यं आजवर कुठल्याच चौकटीने आत घेतलेली नव्हती, त्यांना मुक्तछंदच हवा होता. पण म्हणून बंधच वरच्यांचा, असं म्हणता येत नाही. वामनदादा कर्डकांची गाणी मात्रांत आहेत, चालीवर आहेत, आणि आंबेडकरी जलशाने ती वस्तीवस्तीत नेली. आणि ओवी? बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस गी पोइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, तेव्हा संग्रह एक लाखावर गेला. या लाखभर ओव्या रचणाऱ्यांना गण माहीत नव्हते. जात्याचा फेरा माहीत होता आणि काय सांगायचं आहे ते माहीत होतं.

ओवीत अक्षरांची संख्या ताणते, आक्रसते, यमक हलकं असतं, आणि ज्ञानेश्वरीच्या ओवीत शेवटचा तोकडा चरण येतो तिथे वाक्य उतरतं. साडेतीन चरणांचा हा बांधा वाक्याच्या मापाने कापलेला आहे. अभंगाचंही तेच, सहा-सहा-सहा आणि मग चार. तीन पावलं सारखी टाकून चौथं आखूड टाकायचं, आणि त्या आखूड पावलावर बहुधा क्रियापद किंवा निकराचा शब्द येतो. मर्ढेकरांनी 1947 च्या ‘काही कविता’मध्ये मुंबईतलं यंत्रवत जगणं मांडायला हेच घाट उचलले. संतांच्या लयीत त्यांची ती उद्विग्न वाक्यं आली आणि लय व आशय एकमेकांना घासू लागले. मुक्तछंदात तो घासण्याचा आवाज आला नसता.

मुक्तछंद ज्यांनी मराठीत ठामपणे आणला त्या अनिलांचं उदाहरण तर मौजेचं आहे. 1940 साली ‘भग्नमूर्ती’ हे अख्खं खंडकाव्य त्यांनी मुक्तछंदात लिहिलं, त्यावर टीका झेलली, आणि उतारवयात स्वतःच दहा ओळींचा एक घाट घडवून त्यात लिहीत राहिले. ‘दशपदी’ 1976 साली आली, पुढल्या वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विंदा करंदीकरांनी मुक्त सुनीतं लिहिली आणि अभंगही हाताळला. या दोघांनाही वृत्ताची सक्ती नको होती, पण वाक्य कुठे वळवायचं आणि कुठे थांबवायचं याची जबाबदारी मात्र हवी होती. मुक्तछंदात ती जबाबदारी ओळ तोडण्याच्या जागेवर येऊन पडते. आज मुक्तछंद म्हणून छापल्या जाणाऱ्या कवितांच्या ओळी सलग परिच्छेदासारख्या मांडून वाचून पाहाव्यात. बऱ्याच कवितांचं त्याने काहीच बिघडत नाही, आणि तिथे वृत्ताला बोल लावायचीही सोय नसते.